महाराष्ट्रातील विद्यापीठ व महाविद्यालय परिसरांतील बांधकाम नियमांची अंमलबजावणी

महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांच्या परिसरात उभारल्या जाणाऱ्या इमारतींना नगररचना, संरचनात्मक सुरक्षा, अग्निसुरक्षा, सुगम्यता व पर्यावरण यांविषयीचे नियम लागू होतात. या नियमांचे पालन करवून घेण्याची व्यवस्था अनेक कायद्यांत विखुरलेली आहे. बांधकामाच्या आरंभी आणि शेवटी बाहेरचे प्राधिकरण तपासणी करते. मधल्या काळातील दैनंदिन देखरेख मात्र प्रामुख्याने मालकाने, म्हणजे विद्यापीठाने किंवा शिक्षणसंस्थेनेच, नेमलेल्या तांत्रिक व्यक्तींकडे असते. शैक्षणिक परिसरांतील नियमभंगाची बहुतेक प्रकरणे या मधल्या काळात किंवा इमारत वापरात आल्यानंतर झालेल्या बदलांतून उद्भवतात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील चंदगड तालुक्यासारख्या दुर्गम, अतिपावसाच्या आणि दोन राज्यांच्या सीमेवरील भागात ही व्यवस्था शहरी भागापेक्षा बरीच वेगळी चालते. तेथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत.

कायदेशीर चौकट

या विषयातील मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या अधिनियमानुसार जमिनीवर बांधकाम करणे, असलेल्या बांधकामात महत्त्वाचा फेरफार करणे आणि जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात बदल करणे या सर्व कृती ‘विकास’ या संज्ञेत येतात आणि त्यांसाठी पूर्वपरवानगी लागते. विकास योजनेच्या क्षेत्रात कलम ४४ अन्वये नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, तर केवळ प्रादेशिक योजना लागू असलेल्या ग्रामीण क्षेत्रात कलम १८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते.

विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्यामुळे तिला शासकीय विभागांप्रमाणे सवलत मिळते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. कलम ४४ मधून केंद्र शासन, राज्य शासन व स्थानिक प्राधिकरणे वगळलेली आहेत, विद्यापीठे नाहीत. शासकीय विभागांसाठी कलम ५८ मध्ये स्वतंत्र पद्धत आहे. काम सुरू करण्यापूर्वी किमान ३० दिवस आधी संबंधित अधिकाऱ्याने नियोजन प्राधिकरणास सविस्तर तपशील कळवायचा असतो, प्राधिकरणाने हरकत घेतल्यास आणि मतभेद मिटला नाही तर निर्णय राज्य शासन घेते. सार्वजनिक बांधकाम विभागाने शासकीय महाविद्यालयासाठी बांधलेली इमारत या मार्गाने जाते. सार्वजनिक विद्यापीठाची स्वतःच्या निधीतून बांधलेली इमारत किंवा खासगी संस्थेचे अनुदानित महाविद्यालय मात्र सामान्य अर्जदारच ठरते. एकाच तालुक्यात शेजारी उभ्या असलेल्या दोन शैक्षणिक इमारतींची कागदपत्रे यामुळे वेगवेगळी दिसू शकतात.

प्रत्यक्ष मापे व तांत्रिक अटी ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’त आहेत. ही नियमावली शासनाने डिसेंबर २०२० मध्ये लागू केली. त्यापूर्वी प्रत्येक नगरपालिका व प्रादेशिक योजनेची नियमावली स्वतंत्र होती. बृहन्मुंबई, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे आणि काही विशेष प्राधिकरणे वगळता उर्वरित राज्यात ती लागू आहे. सामासिक अंतरे, चटई क्षेत्र निर्देशांक, जिन्यांची रुंदी, वाहनतळ, पर्जन्यजल संधारण इत्यादी बाबी तिच्यात निश्चित केलेल्या आहेत.

भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय इमारत संहिता स्वतः बंधनकारक कायदा नाही. ती प्रथम १९७० मध्ये निघाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. राज्याची नियमावली किंवा एखादा अधिनियम तिचा संदर्भ स्वीकारतो तेव्हा तेवढ्या मर्यादेत ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात संरचनात्मक आराखडा व अग्निसुरक्षा यांबाबत असा स्वीकार झालेला आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) हा बांधकामाचा कायदा नाही, तरी त्याचा अप्रत्यक्ष प्रभाव मोठा आहे. नवीन महाविद्यालय विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात (कलम १०७) बसावे लागते आणि संलग्नीकरणासाठी पुरेशा भौतिक सुविधा दाखवाव्या लागतात. विद्यापीठाची चौकशी समिती वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय व क्षेत्रफळ पाहते. तिच्या अहवालाचा रोख शैक्षणिक पर्याप्ततेवर असतो. इमारतीच्या स्तंभांतील पोलाद किंवा जिन्याची निर्गमन क्षमता तपासणे हे तिचे काम नाही आणि तिच्या शिफारशीला भोगवटा प्रमाणपत्राचे स्थान नाही. संस्थाचालकांच्या बोलण्यात ‘विद्यापीठाची मान्यता आहे’ हे वाक्य पुष्कळदा या दोन्ही गोष्टींसाठी वापरले जाते, आणि गोंधळाचा मोठा भाग तेथूनच सुरू होतो.

परिसरातील इमारतींचे वर्गीकरण

नियमांच्या दृष्टीने विद्यापीठ परिसर ही एक वास्तू नसून निरनिराळ्या वापरांचा समूह असतो. राष्ट्रीय इमारत संहितेत शैक्षणिक इमारती ‘ब’ गटात मोडतात. परंतु वसतिगृह निवासी गटात, प्रेक्षागृह व मोठी सभागृहे जनसंमेलनाच्या गटात, तर संशोधन प्रयोगशाळा व ग्रंथालये व्यवसाय गटाच्या एका उपवर्गात येतात. गट बदलला की अपेक्षित माणसांची संख्या, बाहेर पडण्याच्या मार्गांची रुंदी आणि अग्निशमन साधने बदलतात.

शैक्षणिक वापरासाठी संहिता दर माणशी ४ चौ. मी. क्षेत्र गृहीत धरते. १६० चौ. मी.ची खोली वर्ग म्हणून मोजल्यास ४० जणांची ठरते. त्याच खोलीत सुट्या खुर्च्या मांडून सभा घेतली, तर जनसंमेलनाच्या १.४ चौ. मी. या प्रमाणाने ती सुमारे ११४ जणांची होते. २०१६ च्या संहितेनुसार जिन्यासाठी दर माणशी १० मि.मी. रुंदी धरली जाते. म्हणजे ३०० जणांच्या मजल्यासाठी एकूण ३ मीटर रुंदीचे, उदाहरणार्थ प्रत्येकी दीड मीटरचे दोन जिने आवश्यक ठरतात. आराखडा मंजूर करताना खोलीवर जे नाव लिहिले त्यावर ही सर्व गणिते अवलंबून असल्यामुळे नंतर झालेला नावबदल हा केवळ फलक बदलण्याचा प्रश्न राहत नाही.

परवानगी ते जोते

अर्जासोबत मालकीहक्काचे कागद, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, वास्तुविशारदाचा आराखडा व संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जमीन शेतीची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील अकृषिक वापराच्या तरतुदी लागू होतात. छाननीनंतर बांधकाम परवानगी व प्रारंभ प्रमाणपत्र मिळते.

ही परवानगी कलम ४८ नुसार एक वर्ष टिकते. ती वर्षागणिक वाढवता येते, पण वाढीव काळ ३ वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात काम जोत्यापर्यंत न पोहोचल्यास नव्याने परवानगी घ्यावी लागते. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत ही अट विशेष जाचक ठरते, कारण बांधकामाचा निधी अनुदान, देणग्या, खासदार-आमदार निधी अशा मार्गांनी हप्त्याहप्त्याने येतो. तळमजला एका दशकात आणि दुसरा मजला पुढच्या दशकात, ही ग्रामीण महाविद्यालयांची नेहमीची रीत आहे. वरचा मजला बांधताना मूळ परवानगी संपलेली असू शकते आणि पाया किती मजल्यांसाठी आखला होता हे सांगणारी संरचनात्मक गणिते सापडत नाहीत. मूळ आराखडे व गणिते जपून ठेवणे हे काम कोणत्याही कायद्यापेक्षा संस्थेच्या कार्यालयातील शिस्तीवर चालते.

जोत्याच्या पातळीवर काम आल्यावर मालकाने प्राधिकरणास कळवून तपासणी करून घ्यायची असते. मंजूर नकाशाप्रमाणे इमारत जागेवर बसली आहे का, सामासिक अंतरे सुटली आहेत का, हे येथे पाहिले जाते. भिंती उभ्या राहिल्यानंतर हीच चूक दुरुस्त करणे जवळपास अशक्य होते.

बांधकाम चालू असतानाची देखरेख

जोते तपासणी आणि काम पूर्ण झाल्याची सूचना यांदरम्यान बाहेरचा तपासनीस इमारतीवर येईलच असे नाही. या काळात नियमपालनाची जबाबदारी वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि स्थळ पर्यवेक्षक यांच्यावर असते. विद्यापीठात हे काम अभियांत्रिकी विभाग करतो. निविदा काढणे, ठेकेदाराच्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद करणे, देयक मंजुरीस पाठवणे आणि गुणवत्तेची खात्री देणे ही सर्व कामे एकाच विभागाकडे एकवटतात. लहान महाविद्यालयात असा विभागही नसतो. तेथे प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि बाहेरून नेमलेला अभियंता एवढ्यांवर काम चालते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अनुदान खर्ची टाकण्याची घाई आणि जूनमध्ये वर्ग सुरू करण्याची निकड या दोन्ही गोष्टी देखरेख करणाऱ्याच व्यक्तींवर येतात. त्यामुळे काही संस्था शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या त्रयस्थ संस्थेकडून तांत्रिक तपासणी करून घेतात. ही पद्धत उपयुक्त असली तरी तपासनीस स्लॅब टाकण्यापूर्वी आला की नंतर, यावर तिचे सारे मूल्य ठरते.

प्रबलित काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ (२०००) लागू आहे. १ ते ५ घनमीटर काँक्रीटसाठी एक, ६ ते १५ साठी दोन, १६ ते ३० साठी तीन आणि ३१ ते ५० घनमीटरसाठी चार नमुने घ्यायचे असतात. त्यापुढे प्रत्येक ५० घनमीटरला एक नमुना वाढतो. प्रत्येक नमुन्यात १५० मि.मी.चे तीन ठोकळे असतात. त्यांची २८ दिवसांची दाबक्षमता ही स्वीकृतीची कसोटी मानली जाते, ७ दिवसांच्या चाचणीने केवळ अंदाज येतो. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस काँक्रीटवर पाणी मारून ते ओले ठेवावे लागते.

भूकंपाच्या संदर्भात भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर व बेळगाव ही दोन्ही शहरे तिसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रात दाखवलेली आहेत, तर कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात आहे. तिसऱ्या व त्यावरील क्षेत्रांत भारतीय मानक १३९२० नुसार लवचीक बांधणी करणे आवश्यक आहे. तिच्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित बाब म्हणजे स्तंभांतील कड्या. त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावी लागतात. ९० अंशांत वळवलेली कडी भूकंपाच्या हादऱ्यात उघडते आणि स्तंभातील उभ्या सळ्या बाहेर फुगतात. कडी बांधणाऱ्या फिटरला हा फरक एका वळणाचा वाटतो, आणि काँक्रीट ओतल्यावर तो कोणालाच दिसत नाही. शाळांसारख्या महत्त्वाच्या सार्वजनिक इमारती व मोठी सभागृहे यांच्यासाठी १.५ हा महत्त्व गुणक धरला जातो, म्हणजे सामान्य इमारतीच्या दीडपट भूकंपबल गृहीत धरून आराखडा केला जातो. २०० पेक्षा अधिक लोक राहत असलेल्या निवासी इमारतींसाठी, म्हणून मोठ्या वसतिगृहांसाठीही, हा गुणक १.२ आहे.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली आणि भूकंपरोधक आराखड्याचे मानक १८९३ प्रथम त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयनेचा भूकंप झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राकडे पाहण्याची अभियंत्यांची दृष्टी बदलली. मानकाची १९७० ची आवृत्ती या अनुभवानंतरची आहे. राज्यातील जुन्या शैक्षणिक परिसरांत या दोन्ही कालखंडांतील इमारती एकमेकींशेजारी उभ्या असतात. जुन्या इमारतीवर नवीन मजला चढवताना ती आजच्या मानकावर तपासावी लागते. महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक परीक्षणाची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये आहे.

भोगवटा प्रमाणपत्र

काम पूर्ण झाल्याची सूचना, पूर्णत्वाचे नकाशे, संरचना अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र आणि आवश्यक ना हरकत प्रमाणपत्रे सादर केल्यानंतर प्राधिकरण जागेची पाहणी करून भोगवटा प्रमाणपत्र देते. त्याशिवाय इमारत वापरात आणता येत नाही. इमारतीच्या काही भागासाठी अंशतः भोगवटा प्रमाणपत्रही दिले जाते.

व्यवहारात उद्घाटन आधी आणि प्रमाणपत्र नंतर हा क्रम शैक्षणिक परिसरांत सर्रास दिसतो. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नसल्याची बाब माहिती अधिकारातून उघड झाली होती. एवढ्या मोठ्या व जुन्या विद्यापीठाबाबत हे घडत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी काय घडत असेल याची कल्पना करता येते. प्रमाणपत्र रखडण्याचे कारण नेहमी असुरक्षित बांधकाम हेच नसते. शुल्काची थकबाकी, जमिनीच्या नोंदीतील दोष, किंवा बांधताना नकाशात केलेला आणि मंजूर करून न घेतलेला बदल अशी कारणे असू शकतात. मात्र प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत यांपैकी नेमके कोणते कारण आहे हे तेथे बसणाऱ्या विद्यार्थ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्रकुमार बडजात्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात देशभरासाठी काही निर्देश दिले. बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा लावणे, ठरावीक काळाने तपासणी करून तिची नोंद ठेवणे, पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यानंतरच वीज, पाणी व मलनिःसारणाची जोडणी देणे, आणि चुकीची प्रमाणपत्रे देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करणे यांचा त्यांत समावेश आहे.

अग्निसुरक्षा

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित इमारतीत शिकण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले आणि शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील अग्निसुरक्षेची मानके पाळावीत असा आदेश दिला. सुरत येथे २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या वरच्या भागातील शिकवणी वर्गाला लागलेल्या आगीत २२ जणांचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. साधने बसवण्याची आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या अधिनियमाने मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, म्हणजे वर्षातून दोनदा, साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. अग्निशमन दलाचे सुरुवातीचे ना हरकत प्रमाणपत्र एकदा चौकटीत लावले की काम संपले, ही समजूत या तरतुदीशी विसंगत आहे.

महाविद्यालयांत धोका प्रामुख्याने चार ठिकाणी असतो: रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ज्वालाग्राही द्रावके, उपाहारगृहातील व वसतिगृहातील गॅस सिलिंडर, जुन्या वीजवाहिन्यांवर नंतर जोडलेले वातानुकूलन व संगणक कक्ष, आणि अभिलेखांची कोठारे. यांखेरीज जिन्याखाली रचलेली जुनी बाके आणि कॉपी रोखण्यासाठी किंवा चोरीच्या भीतीने कुलूप घातलेला दुसरा दरवाजा या दोन गोष्टी कोणत्याही नकाशावर दिसत नाहीत.

सुगम्यता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शिक्षणसंस्थांनी इमारत व परिसर दिव्यांगांसाठी सुगम्य करणे आवश्यक आहे. कलम ४४ अधिक कडक आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास परवानगी देता येत नाही आणि इमारतीस भोगवटा प्रमाणपत्रही देता येत नाही. उतरत्या मार्गाचा कमाल चढ १:१२ असावा लागतो. ६० सें.मी. उंचीच्या जोत्यासाठी त्याची लांबी किमान ७.२ मीटर होते आणि नेमकी हीच जागा मूळ आराखड्यात सोडलेली नसते. राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि केंद्र शासनास बंधनकारक मानके तयार करण्याचा आदेश दिला.

पर्यावरणीय मंजुरी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते. डिसेंबर २०१४ च्या दुरुस्तीने शाळा, महाविद्यालये व शैक्षणिक वसतिगृहे यांना यातून सूट देण्यात आली. ही सूट केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने ती पुन्हा आणली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी वनशक्ती प्रकरणात सूट देणारा तो भाग रद्दबातल ठरवला. त्यामुळे मोठे विद्यापीठ संकुल आता अन्य बांधकाम प्रकल्पांच्याच रांगेत आहे.

चंदगड तालुक्यातील परिस्थिती

चंदगड तालुक्याच्या पूर्वेस कर्नाटकातील बेळगाव जिल्हा आणि पश्चिमेस सह्याद्रीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा आहे, गोव्याची सीमाही जवळच आहे. ताम्रपर्णी व घटप्रभा या तालुक्यातील प्रमुख नद्या होत. चंदगड येथील र. भा. माडखोलकर महाविद्यालय आणि हलकर्णी येथील यशवंतराव चव्हाण महाविद्यालय ही शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये तालुक्यात आहेत.

परवानगी कोणाकडे मागायची हे येथे जागेनुसार बदलते. चंदगड शहरासाठी नगरपंचायत आहे. अन्य गावांत गावठाणाच्या आतील बांधकामासाठी ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ ची व्यवस्था आहे, तर गावठाणाबाहेर महसूल यंत्रणेमार्फत आणि नगर रचना कार्यालयाच्या तांत्रिक अभिप्रायानंतर परवानगी मिळते. महाविद्यालयांना विस्तीर्ण जागा लागते आणि ती बहुधा गावठाणाबाहेरच मिळते, म्हणून व्यवहारात हा शेवटचा मार्गच महत्त्वाचा ठरतो. हलकर्णीच्या औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण असून त्याची नियमावली वेगळी आहे.

जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. बेळगाव त्या मानाने बरेच जवळ असून नजीकची मोठी बाजारपेठ तीच आहे. परंतु कर्नाटकातील परवाना महाराष्ट्रातील नियोजन प्राधिकरणापुढे आपोआप चालत नाही. वास्तुविशारदाची वास्तुकला परिषदेकडील नोंदणी देशभर ग्राह्य असते, अभियंता व पर्यवेक्षक यांना मात्र येथील नियमावलीप्रमाणे नोंदणी करावी लागते. सीमेपलीकडच्या तज्ज्ञाने गणिते करायची आणि अलीकडच्या नोंदणीकृत व्यक्तीने सही करायची, अशी विभागणी झाली तर चुकीची जबाबदारी सहीकर्त्यावर येते, भले त्याने ती गणिते पाहिलेली नसोत.

पावसामुळे येथील बांधकामाचे वेळापत्रक आखूड होते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पाया खोदणे किंवा स्लॅब टाकणे कठीण असते. परवानगी ऑक्टोबरऐवजी जानेवारीत हाती आली तर पूर्ण हंगामातील अर्धा काळ निघून जातो, आणि मेअखेरीस घाईने टाकलेल्या स्लॅबचा आधार लवकर काढण्याचा मोह होतो. सतत ओलसर हवेमुळे सळ्यांवरील काँक्रीटच्या आच्छादनाची जाडी हा येथे कागदी मुद्दा राहत नाही. आच्छादन कमी असलेल्या तुळया काही वर्षांत गंजाने तडकतात. जांभ्या दगडाच्या भिंती व कौलारू छप्पर ही या भागातील जुनी बांधकाम पद्धत असून अशा वास्तूंत भूकंपासाठी जोते, दरवाजा-खिडकीचा माथा आणि छप्पर या पातळ्यांवर आडवे पट्टे देण्याची तरतूद भारतीय मानक ४३२६ मध्ये आहे.

सपाट स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पत्र्याचे छप्पर चढवण्याची पद्धत या पट्ट्यात सर्वत्र आहे. नियमावलीत पावसाळ्यापुरत्या गच्चीवरील आच्छादनास तात्पुरत्या बांधकामाची परवानगी मिळू शकते. परंतु बाजूंना भिंती घालून त्याच जागी परीक्षागृह, व्यायामशाळा किंवा ग्रंथालयाचे भांडार केले की तो अनधिकृत मजला ठरतो. त्याच्या वजनासाठी स्तंभ आखलेले नसतात आणि तेथपर्यंत एकच अरुंद जिना जातो. असा वापरबदल जीवघेणा कसा ठरतो हे दिल्लीत जुन्या राजिंदर नगरात २७ जुलै २०२४ रोजी दिसले. तेथे वाहनतळ व साठवणीसाठी मंजूर असलेल्या तळघरात ग्रंथालय चालवले जात होते. पावसाचे पाणी शिरून त्यात तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनेत चंदगड तालुक्यातील काही गावांचाही समावेश आहे. हे प्रारूप २०१४ पासून अनेकदा नव्याने काढण्यात आले असून त्याची एक आवृत्ती ३१ जुलै २०२४ ची आहे. त्यात २०,००० चौ. मी. व त्यावरील नव्या बांधकाम प्रकल्पांना मनाई प्रस्तावित आहे. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इमारती सहसा या आकाराच्या नसतात. मात्र एकाच जागी वसतिगृहे, प्रशासकीय इमारत व निवासस्थाने यांसह पूर्ण संकुल उभारायचे ठरल्यास ही मर्यादा विचारात घ्यावी लागते.

उल्लंघन व कारवाई

परवानगीशिवाय किंवा परवानगीविरुद्ध केलेल्या बांधकामासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि २,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कोट्यवधींच्या इमारतीपुढे दंडाची ही रक्कम नगण्य आहे. अधिक परिणामकारक अधिकार कलम ५३ (बांधकाम काढून पूर्वस्थिती आणण्याची सूचना) व कलम ५४ (काम थांबवण्याची सूचना) यांत आहेत. कलम ५४ ची सूचना वेळेवर निघाली तर कलम ५३ पर्यंत जाण्याची गरज सहसा पडत नाही. पाडकामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घालून दिलेल्या पद्धतीनुसार किमान १५ दिवसांची पूर्वसूचना व सुनावणी आवश्यक आहे.

शैक्षणिक इमारतींच्या बाबतीत पाडकामाचा आदेश निघणे विरळ आहे. वर्ग चालू असतात, विद्यार्थ्यांना हलवण्यास पर्यायी इमारत नसते, आणि तालुक्यात दुसरे महाविद्यालय बरेच दूर असते. म्हणून नियमांत बसणारे बांधकाम शुल्क भरून नियमित करणे आणि न बसणारा भाग काढणे किंवा त्याचा वापर बंद करणे हा मार्ग अवलंबला जातो. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी अधिनियमात कलम ५२-अ समाविष्ट करण्यात आले होते. नियमितीकरणाने मालकाचा नकाशाविषयक दोष दूर होतो. संरचनेची ताकद स्वतंत्रपणे तपासावी लागते. त्यासाठी काँक्रीटची गाभा-चाचणी, स्वनातीत चाचणी व प्रतिक्षेप हातोडा चाचणी या पद्धती वापरल्या जातात. परिसरातील इमारतींची मंजूर नकाशे, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निसुरक्षेची सहामाही प्रमाणपत्रे सार्वजनिक विद्यापीठाकडून तसेच अनुदानित महाविद्यालयाकडून माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात.